वीस मिनिटांचं काम आणि मोडलेला अर्धा दिवस

"बेसिनखाली पाणी येतंय, जरा बघून जाता का?" या फोनला "संध्याकाळी येतो" हे ठरलेलं उत्तर आहे, आणि ती संध्याकाळ चार-चार दिवस उगवत नाही. मग आपण म्हणतो, हल्ली माणसंच मिळत नाहीत. मिळाली तर तोंडाला येईल ते मागतात. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. पण हाच फोन पलीकडच्या बाजूला कसा ऐकू येतो ते एकदा बघितलं, तर माणूस का येत नाही ते कळतं, आणि कसा आणायचा तेही.

समजा, बेसिनखालचा अँगल कॉक (भिंतीतून नळाकडे जाणारं पाणी बंद करायची छोटी चावी) बदलायचा आहे. हाताचं काम वीस मिनिटांचं. पण गाडीवरून यायला वीस मिनिटं. गेटवर नाव-नंबर लिहायचं, वॉचमन वर फोन लावणार, घरातलं कुणी फोन उचलणार, त्यात दहा. वर येऊन बघितल्यावर कळतं की कॉकबरोबर कनेक्शन पाइपही गेलाय. दुकानात जाऊन यायचं, अर्धा तास. मग बाथरूमचा आतला कॉक पूर्ण बंदच होत नाही, म्हणून गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करायचा, आणि गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे. सगळं धरून दोन तास गेले. तोच माणूस बांधकामाच्या साइटवर दिवसभर उभा राहिला तर, धरा, हजार-बाराशे हजेरी सुटते. म्हणजे तासाला सव्वाशे-दीडशे, तेही एका जागी, डोक्याला ताप न घेता. आपल्याकडच्या दोन तासांत त्याचे तिथले तीनशे बुडतात आणि आपण "एवढ्याशा कामाचे दोनशे?" असं विचारतो. तो येत नाही तो आळसाने नव्हे, हिशेबाने.

त्यातून सोसायटीचे नियम. काम सकाळी दहा ते एक आणि दुपारी चार ते सहा, एवढ्यातच करायचं. मधले तीन तास ठोकाठोकी बंद. रहिवाशांच्या दृष्टीने नियम रास्त आहे. पण साडेबारा वाजता वर पोचलेल्या माणसाचा त्याने दिवस मोडतो.

म्हणून पहिली गोष्ट: सुटं काम सांगूच नका, कामं साठवा. स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक कागद लावा आणि जे बिघडेल ते लिहीत जा. टपकणारा नळ, सतत वाहणारा फ्लश, सैल झालेली जेट स्प्रेची खुंटी, तुंबणारी नहाणी (बाथरूमच्या फरशीतलं पाणी जायचं तोंड). चार-पाच कामं झाली की एका प्लंबरला अर्ध्या दिवसासाठी बोलवा आणि फोनवरच सांगा, "पाच कामं आहेत, सामान आणून ठेवलंय, दहा ते एक घर उघडं आहे." दोनशे रुपयांच्या कामाला टाळाटाळ करणारा माणूस सात-आठशेच्या सकाळीला वेळेवर येतो. प्रत्येक कामामागे पडणारा पैसाही उतरतो, कारण येण्याजाण्याचा खर्च एकदाच पडतो.

काही कामं मात्र साठवायची नसतात. गिझर चालू असताना नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येणं, बोर्डातून जळका वास, छतातून पंख्याच्या किंवा दिव्याच्या पेटीत झिरपणारं पाणी, गॅसचा वास. यात घासाघीस करायची नाही, त्या दिवशी जो दर असेल तो द्यायचा. गॅसला तर प्लंबर-मिस्त्री बोलावूच नये. सिलिंडर असेल तर रेग्युलेटर बंद करून वितरकाचा मेकॅनिक, पाइपगॅस असेल तर कंपनीचा आपत्कालीन नंबर.

फोनवर काय बोलायचं

"नळ खराब आहे" हे वाक्य निरुपयोगी आहे. त्याने प्लंबरला काय सामान घ्यायचं ते कळत नाही, म्हणून तो आधी 'बघायला' येतो आणि 'करायला' पुन्हा कधीतरी. तीन फोटो पाठवा: बिघडलेली वस्तू जवळून, तीच वस्तू दोन फूट लांबून (आजूबाजूला पाना फिरवायला जागा किती आहे ते दिसायला हवं), आणि तिच्यावरचं कंपनीचं नाव किंवा नंबर. पाणी वाहत असेल तर दहा सेकंदांचा व्हिडिओ. सोबत लिहा: कितवा मजला, लिफ्ट आहे का, गाडी कुठे लावता येईल, पाणी किती ते किती असतं, इमारत साधारण कोणत्या सालची. शेवटचं का, तर जुन्या इमारतीत लोखंडी जीआय पाइप असतो, नव्यात सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा), आणि दोन्हींची हत्यारं नि सामान वेगळं.

आणि बोलावण्याच्या आदल्या दिवशी एक गोष्ट स्वतः करून बघा: बाथरूमच्या भिंतीतला मेन कॉक फिरवून पाणी खरंच थांबतं का. वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक क्षारांनी जाम होतो. हाताने फिरला तर ठीक. नाही फिरला तर पान्याने जोर लावू नका. आतला स्पिंडल (मुठीबरोबर फिरणारा दांडा) तुटला की वीस मिनिटांच्या कामाचं टाइल फोडण्याचं काम होतं. जाम असेल तर फोनवरच सांगा, म्हणजे गच्चीवरून लाइन बंद करायची सोय आधी करता येते. त्याच लाइनवर खालचे-वरचे फ्लॅट असतात, त्यांनाही सांगावं लागतं. एकदा फिरता झाला की दर दोन-तीन महिन्यांनी तो बंद-चालू करत राहायचा, पुन्हा जाम होत नाही.

नळ आणि फ्लश

"पूर्ण नळच बदलावा लागेल" हे वाक्य जितक्या वेळा ऐकू येतं, तितक्या वेळा ते खरं नसतं. बरेच फेरे फिरवून बंद होणारा जुन्या पद्धतीचा नळ टपकत असेल तर आतला वायसर झिजलेला असतो. तो काही रुपयांत मिळतो. नवा वायसर घालून महिन्याभरात पुन्हा टपकायला लागला, तर दोष वायसरचा नाही. नळाच्या आतली पितळी बैठक खरवडली गेली आहे आणि ती नवा वायसर कापते. अशा वेळी नळ बदलणंच शहाणपणाचं. अर्ध्या फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या नळात वायसर नसतो, सिरॅमिकच्या दोन चकत्या असलेला स्पिंडल असतो. पाण्यातल्या वाळूच्या कणाने चकतीवर ओरखडा गेला की गळती सुरू. हा स्पिंडल सुटा मिळतो. पण प्रत्येक कंपनीची लांबी वेगळी आणि मुठीत बसणाऱ्या टोकावरच्या दात्यांची संख्याही वेगळी, त्यामुळे जुना स्पिंडल खिशात घालूनच दुकानात जायचं. तोंडी वर्णन करून आणलेला स्पिंडल बसत नाही, आणि दुकानदार परत घेत नाही.

नवा नळ बसवताना सगळ्यात जास्त घोळ चुडीवर, म्हणजे आट्यांवर, होतो. टेफ्लॉन टेप चुडी फिरवायच्या दिशेनेच गुंडाळायची. उलटी गुंडाळली तर नळ आवळताना ती गोळा होऊन मागे सरकते. आपल्याकडची टेप पातळ असते, अर्धा इंची चुडीला दहा-बारा वेढे लागतात. सीपीव्हीसीच्या प्लास्टिक चुडीत पितळी नळ ताकद लावून आवळला की भिंतीतला एल्बो (काटकोनी जोड) चिरतो. ती चीर त्या दिवशी दिसत नाही, दोन महिन्यांनी शेजारच्या खोलीत भिंतीला ओल येते तेव्हा दिसते. म्हणून जिथे नळ बसणार तिथे आत पितळी चुडी असलेलाच एल्बो हवा. मुंबई-पुण्यातल्या बऱ्याच नव्या इमारतींत तो असतो. नूतनीकरण करताना मात्र पैसे वाचवायला साधा प्लास्टिकचा घातलेला सापडतो. पाइप जोडला असेल तर सॉल्व्हंट (पाइप चिकटवायचं द्रावण) सुकायला डब्यावर लिहिलेला वेळ द्यायलाच हवा. "लगेच पाणी सोडा, काही होत नाही" म्हणणाऱ्याला दुसऱ्या घरी जायची घाई असते. सीपीव्हीसीचा सॉल्व्हंट वेगळा, यूपीव्हीसीचा (थंड पाण्याच्या प्लास्टिक पाइपचा) वेगळा; एकाच डब्याने दोन्ही चिकटवणारा दिसला की काम थांबवा.

फ्लशचं पाणी भांड्यात सारखं झिरपत असेल तर आधी नीळ घ्या, कपड्यांची. टाकीत चार थेंब टाका आणि पंधरा मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात निळं पाणी उतरलं तर टाकीचं झाकण उघडून पाण्याची पातळी बघा. पाणी मधल्या ओव्हरफ्लो नळीच्या तोंडाशी टेकलं असेल तर फ्लोट खाली करायचा, तो स्क्रू फिरवून किंवा चिमटा सरकवून होतो आणि पैसे शून्य. पातळी खाली असूनही निळं उतरतंय तर तळाची रबरी सील गेली. ती सुटी मिळते. प्लंबर सहसा पूर्ण सेटच बदलू म्हणतो. त्यात त्याचा लोभच असतो असं नाही. सुटी सील शोधण्यात जाणाऱ्या अर्ध्या तासाचे पैसे कुणी देत नाही. सील तुम्ही आणून ठेवलीत तर तोच माणूस दहा मिनिटांत बसवून देतो.

खालच्या फ्लॅटची ओल

छोट्या दुरुस्तीतलं सगळ्यात महाग पडणारं प्रकरण हे. खालच्यांच्या बाथरूमच्या छतावर डाग, त्यांचा फोन, मग जो मिस्त्री येतो तो म्हणतो, "पूर्ण फोडून नवीन वॉटरप्रूफिंग." फोडण्याआधी पाणी कुठून येतंय ते शोधायला फक्त दोन-तीन दिवस आणि थोडी शिस्त लागते.

आधी डाग कधी ओला होतो ते बघा. घर बंद असताना, कुणी अंघोळ केलेली नसतानाही ठिबकत असेल, तर दाबाखालची लाइन संशयित. बाथरूमचा मेन कॉक रात्रभर बंद ठेवा. सकाळी ठिबक कमी झाली तर भिंतीतला एखादा जोड गेला आहे. अंघोळीनंतर तास-दोन तासांनी ओल वाढत असेल तर फरशीचे सांधे, नहाणी ट्रॅपची कड किंवा ड्रेनेज. ते वेगळं करायला नहाणीचं तोंड चिंधी कोंबून पक्कं बंद करा, फरशीवर इंचभर पाणी साठवा, कडेला पेन्सिलीने खूण करा आणि चोवीस तास ठेवा. दरम्यान ते बाथरूम वापरायचं नाही. खाली ओल वाढली तर पाणी फरशीतून किंवा भिंतीच्या कडेतून जातंय. वाढली नाही, आणि नहाणी उघडून दोन बादल्या ओतल्यावर वाढली, तर ट्रॅप किंवा त्याखालचा पाइप.

सांध्यांतून गळती निघाली तर सगळं फोडायच्या आधी एक स्वस्त उपाय करून बघण्यासारखा आहे. टाइल्समधलं जुनं ग्राउट (सांध्यांतलं भरण) दोन-तीन मिलिमीटर खोल खरवडून काढायचं, झाडून, एक-दोन दिवस पूर्ण वाळू द्यायचं, आणि एपॉक्सी ग्राउट भरायचं. भिंत आणि फरशी मिळतात तो कोपरा, कमोडभोवतीची कड आणि नहाणीच्या जाळीचा काठ विसरायचा नाही, कारण पाणी बहुतेक तिथूनच शिरतं. ओल्या सांध्यात एपॉक्सी धरत नाही, आणि घाईच्या मिस्त्रीकडून नेमकं वाळवणंच राहतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे बाथरूमचा स्लॅब आजूबाजूच्या स्लॅबपेक्षा खाली घेतलेला असतो. त्या खड्ड्यात पाइप टाकून वर विटांचे तुकडे नि भराव करतात. गळती थांबल्यावरही या भरावात मुरलेलं पाणी आठ-पंधरा दिवस खाली उतरत राहतं. ज्या माणसाने नीट काम केलं त्याला तिसऱ्याच दिवशी "काही उपयोग झाला नाही" म्हणून शिव्या पडतात, दुसरा येतो, फोडाफोड करतो, तोवर भराव आपोआप वाळतो आणि श्रेय दुसऱ्याला. डागाच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढून तारीख लिहा. रेघ ओलांडली जात नसेल तर तीन आठवडे थांबा, मग निर्णय घ्या. खालच्यांचा रंगही तोवर नको. ओल्या भिंतीवर लावलेली पुट्टी पावसाळा संपायच्या आत पापुद्रे सोडते.

खर्च कुणाचा यावर सोसायटीत भांडणं होतात, म्हणून सांगून ठेवायला हवं: महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे संडास, सिंक वगैरेंमधून होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकाचा, पावसाचं पाणी, गच्ची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती संस्थेने बघायची. नीळ आणि साठवलेल्या पाण्याची चाचणी दोन्ही घरांच्या माणसांसमोर केली की निम्मा वाद तिथेच मिटतो. गच्ची आणि बाहेरच्या भिंतीची कामं एप्रिल-मेमध्ये करून घ्यावीत. जूनमध्ये सगळ्या गावाला एकाच वेळी वॉटरप्रूफिंगवाला हवा असतो, आणि ओल्या गच्चीवर तो प्रामाणिक असला तरी काही करू शकत नाही.

वीजकाम

इथे स्वस्ताई महागात पडते, म्हणून थोडं कडक लिहितो. एमसीबी (जास्त वीज खेचली गेली की आपोआप पडणारा स्विच) वारंवार पडतो म्हणून त्याजागी मोठा बसवणारा इलेक्ट्रिशियन दारातूनच परत पाठवावा. एमसीबी भिंतीतल्या वायरच्या रक्षणासाठी असतो. अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरवर १६ किंवा २० अँपिअरचा एमसीबी ठीक. तिथे ३२चा लावला की एमसीबी पडायचा थांबतो आणि वायर तापायला लागते. दोन किलोवॅटचा गिझर साधारण पावणेनऊ अँपिअर घेतो, तीन किलोवॅटचा इन्स्टंट गिझर तेरा. सहा अँपिअरच्या सॉकेटमध्ये कन्व्हर्टर प्लग लावून गिझर चालवणं म्हणजे सॉकेट वितळायची वाट बघणं. काळं पडलेलं सॉकेट नुसतं बदलून भागत नाही, मागची जळकी वायर हिरवट-काळी झालेल्या जागेच्या मागून कापून, नवं टोक सोलून, स्क्रू घट्ट आवळावा लागतो. ढिला स्क्रू हेच बहुतेक जळक्या बोर्डांचं कारण. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या इमारतींत ॲल्युमिनियमची वायर सापडते. तिला तांब्याची वायर पिळून जोडलेला सांधा हटकून तापतो.

इलेक्ट्रिशियनची परीक्षा सोपी आहे. तो काम सुरू करण्याआधी मेन बंद करतो का, आणि बंद केल्यावर टेस्टर लावून खात्री करतो का. अर्थिंग आहे का विचारल्यावर फक्त टेस्टर दाखवून "आहे" म्हणणारा कच्चा. टेस्टरला फेज कळते, अर्थिंग कळत नाही. मल्टिमीटरने फेज आणि अर्थमध्ये २३० व्होल्टच्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थमध्ये अगदी थोडे व्होल्ट दाखवून देणारा माणूस जपून ठेवा. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच) असेल तर त्यावरचं 'टी' बटण महिन्यातून एकदा दाबायचं. तो खटकन पडला पाहिजे.

पंखा हळू फिरतो, ही तक्रार तर जवळपास फुकटात सुटते. मेन बंद करून पाती हाताने फिरवा. हलकी फिरत असतील तर कपॅसिटर उतरला आहे. जड, घासत फिरत असतील तर बेअरिंग. कपॅसिटर वरच्या वाटीत असतो, बहुतेक पंख्यांना २.५ मायक्रोफॅरडचा लागतो, पण जुन्यावर लिहिलेला आकडाच आणायचा. जास्त वेगाच्या आशेने मोठा घातला की वाइंडिंग तापतं. मेन बोर्ड बदलणं, लोड वाढवणं अशा कामांना मात्र परवानाधारक कंत्राटदारच हवा. महावितरणला त्याचा टेस्ट रिपोर्ट लागतो.

सुतार आणि रंगारी यांच्याबद्दल थोडक्यात. जुलैत फुगलेला दरवाजा जुलैत रंधू नका, डिसेंबरात फट पडते; फार अडत असेल तर कडेला मेण चोळा आणि दिवाळीपर्यंत थांबा. कपाटाच्या बिजागरीचा स्क्रू भुशाच्या बोर्डातून निसटला असेल तर भोकात फेविकॉल लावून माचिसच्या काड्या ठोकायच्या, वाळल्यावर तोच स्क्रू. नवी ऑटो बिजागरी आणायची तर जुनी बरोबर न्या, शून्य, आठ आणि पंधरा क्रँकच्या (हाताचा बाक कमी-जास्त असलेल्या) बिजागऱ्या दिसायला सारख्याच आणि बसायला वेगळ्या. एका भिंतीसाठी रंगारी येत नाही, त्याला दोन खोल्या तरी लागतात, तेव्हा तेही साठवा. शेडचा कोड डब्यावरून उतरवून मीटरच्या पेटीत लिहून ठेवा.

माणूस सापडतो कुठे

चांगली जागा म्हणजे हार्डवेअरचं जुनं दुकान, वेळ सकाळी साडेनऊ. त्या वेळी प्लंबर-इलेक्ट्रिशियन दिवसाचं सामान घ्यायला आलेले असतात. दुकानदाराला विचारायचं ते "चांगला कोण" असं नव्हे, "तुमच्या घरचं काम कोण करतो" असं. मजूर अड्ड्यावरून, म्हणजे मुंबईकडच्या नाक्यावरून, खोदकाम, फोडकाम, राडारोडा पोत्यात भरून खाली नेणं यासाठी माणूस आणावा; नळ-विजेसाठी नको. आयटीआयमधून वीजतंत्री दोन वर्षांत आणि नळ कारागीर एका वर्षात तयार होतात, पण बरीच मुलं कारखान्यांकडे वळतात. वस्तीतला प्लंबर बहुधा एखाद्या उस्तादाच्या हाताखाली शिकलेला असतो. ॲपवरून बोलावलं तर दर आधी दिसतो आणि माणूस वेळेवर येतो, हे मोठंच सुख. पण दर वेळी नवा माणूस येतो, त्याला तुमच्या इमारतीची लाइन कुठून कुठे गेली ते ठाऊक नसतं, आणि सुट्या भागांचे दर दुकानाशी ताडून बघावे लागतात. होळी, छठपूजा आणि मे महिन्यातल्या लग्नांच्या सुमारास उत्तरेकडचे कारागीर गावी जातात, ते दिवस सोडूनच कामं ठरवा.

नव्या माणसाला पहिल्यांदा मोठं काम देऊ नये. एखादा अँगल कॉक बदलायला द्या आणि बघा: बघण्याआधीच निदान सांगतो का, काढलेली वस्तू तुम्हाला दाखवतो का, काम झाल्यावर कोरडा कागद जोडाखाली धरून दोन मिनिटं थांबतो का, कचरा उचलतो का. "हे माझं काम नाही, गवंड्याला बोलवा" असं सरळ सांगणारा तर सोन्यासारखा.

सामान कुणी आणायचं? मिस्त्रीला दुकानातून कट मिळतो, आणि रंगाच्या बादल्यांवर रंगाऱ्यासाठी टोकन किंवा क्यूआर कोड असतो, हे उघड गुपित आहे. त्याचा राग करण्यात अर्थ नाही. मजुरी कमी दिली की माणूस तिथून भरून काढतो. सामान आपण आणायचं आणि मजुरी पुरती द्यायची, हे दोघांनाही स्वच्छ. फक्त यादी आणि मापं त्याच्याकडून फोनवर घ्या आणि दुकानदाराला "उरलं तर परत घ्याल ना" हे आधी विचारा. वायर घेताना आयएस ६९४ आणि सीपीव्हीसी पाइपवर आयएस १५७७८ हा आकडा बघून घ्यायचा.

पैशाचं आधी बोला. "तुम्हाला योग्य वाटेल ते द्या" हे वाक्य नम्र वाटतं, पण शेवटी दोघांचीही तोंडं त्यानेच वाकडी होतात. बघायला येण्याचे किती, काम केलं तर ते वळते होणार का, सामान धरून की सोडून, आणि फोडल्यावर आत काही वेगळंच निघालं तर पुढे जाण्याआधी विचारणार ना. आगाऊ रक्कम सामानापुरतीच. गळतीच्या कामात मजुरीचा चौथा हिस्सा पंधरा दिवसांनी देण्याचं आधीच ठरवा, भराव वाळायला लागणारा वेळ सांगून. तो खवळत नाही. उलट तिसऱ्या दिवशीच्या फोनमधून त्याची सुटका होते.

एकट्या घराला अर्ध्या दिवसाची कामं जमायला दोन-तीन महिने लागतात. चोवीस घरांच्या इमारतीत ती महिन्याला जमतात. वॉचमनच्या टेबलावर एक वही ठेवायची, त्यात फ्लॅट नंबर, बिघाड, सामान आणलंय की नाही. महिन्यातला एक शनिवार ठरवून एका प्लंबरला आणि आलटून-पालटून एका इलेक्ट्रिशियनला दहा ते एक बोलवायचं. गच्चीची किल्ली त्या दिवशी वॉचमनकडे, लाइन बंद राहण्याची वेळ आदल्या रात्री ग्रुपवर. आठ कामं दोनशेच्या दराने सोळाशे झाले. माणसाला एका सकाळीत साइटपेक्षा जास्त सुटले, आणि घराला दोनशेत काम झालं. कामं तीनच आली तर सोसायटीने किमान रक्कम भरून द्यायची, नाहीतर दुसऱ्या महिन्यात तो येत नाही. हिशेब प्रत्येक घराचा वेगळा आणि तिथेच रोख किंवा यूपीआय. सोसायटीच्या खात्यातून द्यायचं म्हटलं की बिल, सह्या आणि दोन महिने.

त्या वहीशेजारी एक डबा असू द्या: अर्धा इंची अँगल कॉक दोन, कनेक्शन पाइप अठरा आणि चोवीस इंची एकेक, टेफ्लॉन टेपचे चार रोल, तुमच्या इमारतीत बिल्डरने बसवलेल्या नळांचे स्पिंडल दोन, त्याच फ्लशच्या सील दोन, २.५चे कपॅसिटर दोन, सोळा अँपिअरचं सॉकेट आणि स्विच एकेक. ज्याने वापरलं त्याने आठवड्यात तीच वस्तू आणून टाकायची, आणि झाकणाच्या आत प्रत्येक विंगच्या गच्चीवरच्या व्हॉल्व्हचा नकाशा चिकटवायचा, कोणता कुठल्या लाइनचा ते ऑइल पेंटने व्हॉल्व्हवरही लिहून.